तालुक्याच्या गावचं बंद टॉकीज पुन्हा चालू करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आजोबांनी बांधलेलं टॉकीज आहे. बाल्कनी धरून सातशे खुर्च्या, वर पत्रा, बाजारपेठेला लागून जागा. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. आता एक बिल्डर जागा मागतोय. धाकट्या भावाचं म्हणणं, लोक मोबाइलवर सिनेमा बघतात, विकून मोकळं व्हावं. थोरल्याला ते चालू करायचंय. या धंद्यात पुढे काही उरलंय का, आणि उरलं असेल तर सुरुवात कुठून करायची?

मी वितरकाच्या ऑफिसात बुकर, म्हणजे कुठल्या थिएटरला कुठला सिनेमा लावायचा ते ठरवणारा माणूस, म्हणून लागलो तेव्हा रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून गावोगाव जायच्या. पुढे काही थिएटरं भाड्याने घेऊन चालवली, काहींची दुरुस्ती करून दिली, काही बंद होताना हिशेब मिटवायला बसलो. त्या अनुभवावर सांगतो: तुमच्या गावात टॉकीज चालू शकेल, पण सातशे खुर्च्यांचं चालणार नाही. दोन छोटे हॉल करायची तयारी असेल तरच हात घाला. नसेल तर धाकट्याचं ऐका.

आधी मोबाइलबद्दल बोलू, कारण घरातला वाद तिथेच अडलाय. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं, ऐंशीच्या दशकात गल्लोगल्ली व्हिडिओ आला, नव्वदच्या सुरुवातीला केबल आली. प्रत्येक वेळी टॉकीज संपलं असं लोक म्हणाले आणि प्रत्येक वेळी टॉकीज उरलं, हे खरं आहे. पण त्यावरून निर्धास्त होऊ नका. दर वेळी थिएटरने काहीतरी कायमचं गमावलं. टीव्हीने रविवारची संध्याकाळ नेली. व्हिडिओ आणि केबलने जुने सिनेमे नेले, म्हणजे मॅटिनी गेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा धंदा गेला. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि ओटीटीने मधला सिनेमा नेला. मधला म्हणजे बरा, बघण्यासारखा, पण दोन महिने थांबलं तरी चालेल असा. पूर्वी टॉकीजचे वर्षातले निम्म्याहून अधिक आठवडे अशाच सिनेमांवर भागायचे. आज त्या सिनेमाचा प्रेक्षक घरी बसून वाट बघतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

म्हणून "चांगला सिनेमा आला की लोक येतात" या वाक्यावर मी विसंबत नाही. लोक दोन कारणांनी घराबाहेर पडतात. एक, तो सिनेमा गावाबरोबर, गर्दीत, त्याच आठवड्यात बघायचा असतो म्हणून. दोन, संध्याकाळी कुठेतरी जायचं असतं आणि जाण्यासारखी जागा असते म्हणून. पहिलं तुमच्या हातात नाही. दुसरं पूर्ण तुमच्या हातात आहे, आणि तालुक्याच्या गावात त्याला फार किंमत आहे. तिथे मॉल नाही, बाग असली तर दिवेलागणीला बंद होते, हॉटेलात बायकापोरांना घेऊन किती वेळ बसणार? तीन तास सगळ्यांनी मिळून बसावं अशी जागा गावाला हवी असते. ती गलिच्छ झाली म्हणून लोकांनी जाणं सोडलं. मोबाइल हातात येण्याच्या बरंच आधी सोडलं होतं. डीसीआरच्या, म्हणजे रोजच्या कलेक्शनच्या जुन्या वह्या काढून बघा. बाल्कनीतली कुटुंबं कधीपासून कमी होत गेली ते तारखांसकट दिसेल.

आता दोन हॉल का, ते सांगतो. पुष्कळ लोकांना वाटतं हा खुर्च्यांचा खर्च वाचवण्याचा उपाय आहे. तोही आहे, पण मुख्य कारण वेगळं आहे.

रिळांच्या काळात प्रिंटा मोजक्या निघायच्या. मुंबई-पुण्याचं झाल्यावर त्या कोल्हापूर-सांगलीला यायच्या, आणि तिथून तालुक्याला. तुमच्या गावी सिनेमा काही आठवडे उशिरा लागायचा, पण एकदा लागला की टिकायचा. 2005 नंतर उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून डिजिटल सिनेमा आला आणि तालुक्यालाही मुंबईबरोबर त्याच शुक्रवारी नवा सिनेमा मिळू लागला. हा फार मोठा फायदा होता, पण त्याच बदलाने सिनेमाचं आयुष्यही आखडलं. पहिले तीन दिवस गर्दी, सोमवारी निम्म्याहून कमी, पुढच्या गुरुवारी सामसूम. एका सिनेमावर एक हॉल महिनाभर चालण्याचे दिवस गेले.

त्यात वितरकाची अट असते. मोठा हिंदी सिनेमा हवा असेल तर चारही शो द्या. एकपडदा थिएटरवाल्याकडे वाटून द्यायला दुसरा पडदा नसतो, म्हणून तो चालू असलेला मराठी सिनेमा उतरवतो, मोठ्याला चारही शो देतो, आणि तो मोठा सिनेमा सोमवारी झोपला की पुढच्या शुक्रवारपर्यंत दिवे जाळत बसतो. मराठी सिनेमाला याचा सगळ्यात मोठा फटका बसला. तो तोंडी बोलण्यातून वाढणारा सिनेमा असतो, दुसऱ्या आठवड्यात चढतो. त्याला दुसरा आठवडाच मिळत नाही. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइमचा शो द्यावा असा निर्णय राज्य सरकारने 2015 मध्ये घेतला, त्याचीही पार्श्वभूमी हीच होती. पण तालुक्यात मल्टिप्लेक्स नाही, तिथे निर्णयाने काय होणार? तिथे दुसरा पडदाच लागतो. दोन पडदे असले की मोठ्या सिनेमाला एक द्या आणि दुसऱ्यावर मराठी ठेवा, दक्षिणेतला डब केलेला लावा, सुट्टीत मुलांचा लावा. सिनेमा पडला तर शनिवारपासून शोंची अदलाबदल करता येते. ही मोकळीक आज धंद्याचा प्राण आहे.

हिशेब करून बघू. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. एका हॉलमध्ये रोज चार म्हणजे आठवड्याला 28 शो. प्रत्येक शोला सरासरी 50 माणसं धरली तर आठवड्याला 1400. तिकीट कर सोडून 100 रुपये, पहिल्या आठवड्यात त्यातला निम्मा वाटा वितरकाचा. तुमच्याकडे राहतात 70 हजार, आणि कँटीन वेगळं. आता हीच 50 माणसं सातशेच्या हॉलमध्ये बसली तर भरणा सात टक्के. सातशे माणसांसाठीचे पंखे किंवा एसी, सातशे खुर्च्यांची झाडलोट, मोठ्या पडद्याचा मोठा दिवा, हे सगळं पन्नास जणांच्या तिकिटावर. दोनशेच्या हॉलमध्ये तोच भरणा पंचवीस टक्के होतो आणि वीजबिल खाली येतं. शिवाय विनोदाला हसू फुटायला आजूबाजूला माणसं लागतात. सातशेत विखुरलेली पन्नास माणसं हसत नाहीत, बाहेर पडल्यावर "सिनेमा काही खास नाही" म्हणतात. हे मी एकाच सिनेमाच्या बाबतीत दोन हॉलमध्ये पाहिलंय.

थोरले बंधू म्हणतील, 2016 मध्ये 'सैराट' लागला तेव्हा सातशेही पुरल्या नसत्या. बरोबर आहे. तेव्हा काही गावांत मध्यरात्रीनंतरचे शो लावावे लागले होते. 2025 मध्ये 'छावा'ला पुन्हा तशी गर्दी झाली. पण असे आठवडे वर्षातून एखाद-दोन वेळा येतात, आणि बाकीचे पन्नास आठवडे त्या गर्दीच्या आठवणीवर काढता येत नाहीत. खाली दोनशे आणि वर एकशे तीस अशा 330 खुर्च्या ठेवल्या तरी गर्दीच्या दिवशी दोन्ही पडद्यांवर तोच सिनेमा लावून सहा-सहा शो केले तर दिवसाला जवळपास दोन हजार माणसं बघू शकतात. तालुक्याच्या गावाला ते पुरे आहे.

मुंबईतही हेच चाललंय. चर्चगेटसमोरचं इरॉस 1938 चं, हजाराहून अधिक खुर्च्यांचं. बरीच वर्षं बंद राहून ते 2024 मध्ये उघडलं ते तीनशेच्या आसपास खुर्च्यांचा एकच आयमॅक्स पडदा घेऊन. इमारत तीच, हॉल लहान, चित्र अव्वल. पुण्यात मंगला टॉकीज पाडून तिथे मल्टिप्लेक्स झालं त्याला आता बरीच वर्षं लोटली. ज्यांनी जुना मोठा हॉल जसाच्या तसा ठेवला त्यातले बरेच बंद पडले. मला त्या हॉलबद्दल मनापासून प्रेम आहे, त्यांच्यातच वाढलो. पण टॉकीज जगवायचं असेल तर हॉल लहान करावाच लागेल.

तुमच्या इमारतीत याची एक सोपी वाट आहे. बाल्कनी वेगळी करा. बाल्कनीला उतार आधीच असतो, म्हणजे पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. तिच्या पुढे स्लॅब वाढवून भिंत घातली की वरचा हॉल झाला. खाली स्टॉलच्या, म्हणजे तळमजल्यावरच्या खुर्च्यांच्या, मागच्या भागात दुसरा हॉल, आणि रस्त्याकडच्या बाजूला उरलेल्या जागेत कँटीन, तिकीटबारी, शक्य असेल तर दोन गाळे. मात्र आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. जुन्या बाल्कनीच्या बीमवर नवा स्लॅब पेलेल का, हे इंजिनिअरने लेखी द्यायला हवं. आणि पत्र्याखाली फॉल्स सीलिंग घालताना मध्ये ग्लासवूल भरायला विसरू नका. आपल्याकडच्या पावसात पत्र्याखाली संवाद ऐकू येत नाहीत, जुलै-ऑगस्टचे सगळे शो त्यात जातात.

चित्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक जण फसतात. गावाकडे थिएटरमधलं चित्र अंधुक असतं ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. सिनेमा अंधुक नसतो, प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झालेला असतो. झेनॉन दिवा ठरावीक तासांनंतर बदलायचा असतो, पण महाग म्हणून मालक तो फुटेपर्यंत ओढतात. रात्रीचे प्रसंग काळेठिक्कर दिसतात, चेहरे कळत नाहीत, आणि प्रेक्षकाला वाटतं आपल्या मोबाइलवर याहून स्वच्छ दिसतं. खरंच दिसतं! पडद्याच्या उजेडाचं जगभर मान्य माप आहे, 14 फूट-लॅम्बर्ट. म्हणजे पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण 14 ल्युमेन प्रकाश मिळाला पाहिजे. तुमचा जुना पडदा 40 बाय 17 फूट असेल तर ते झाले 680 चौरस फूट, त्याला साडेनऊ हजार ल्युमेन लागतात. हॉल लहान करून पडदा 28 बाय 12 केला तर 336 चौरस फूट आणि पाच हजारांच्या आतलं काम. म्हणजे निम्म्या ताकदीच्या प्रोजेक्टरवर पूर्ण उजेड मिळतो, आणि पुढच्या रांगा जवळ असल्यामुळे पडदा लहान वाटत नाही. प्रोजेक्टर लेझरचाच घ्या. आधी जास्त पैसे जातात, पण दिवे बदलायची कटकट संपते आणि उजेड बरीच वर्षं टिकतो. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला मीटर लावून तुमच्या पडद्यावर माप दाखवायला सांगा. मधोमध एक आणि चारी कोपऱ्यांत चार. टाळाटाळ केली तर दुसरा विक्रेता बघा.

आवाजाचंही तसंच. सिनेमातले संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून पडद्याला बारीक भोकं असतात. जुन्या थिएटरांत तो मधला स्पीकरच गेलेला असतो आणि ऑपरेटर दोन्ही बाजूंचे आवाज वाढवून वेळ मारून नेतो. पार्श्वसंगीत कान फोडतं, संवाद कळत नाही. हिंदी मारधाडीला ते खपून जातं, मराठी सिनेमाला खपत नाही, कारण आपला सिनेमा बोलण्यावर चालतो. भिंतींना आवाज शोषणारे पॅनेल, मागच्या भिंतीला जाड, आणि मधला स्पीकर उत्तम. आजूबाजूच्या स्पीकरांचे आकडे वाढवण्यापेक्षा या तीन गोष्टींवर पैसे घाला.

पण या सगळ्याच्या आधी पहिला खर्च संडासावर करा. 2023 मध्ये 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा बायका गटागटाने, नटूनथटून, दुपारच्या शोला आल्या. त्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं थिएटरात गेल्या नव्हत्या. थिएटरवाल्यांनी त्या आठवड्यात एक धडा घ्यायला हवा होता: बायका यायला तयार आहेत, आपली जागा त्यांना बोलावण्याच्या लायकीची नाही. स्वच्छ संडास, आतून लागणारी कडी, पाणी, कचऱ्याचा झाकणाचा डबा, आणि दर मध्यंतरानंतर साफ करणारी बाई किंवा पोऱ्या. पार्किंगमध्ये उजेड. शेरेबाजी करणाऱ्याला उठवून बाहेर काढणारा डोअरकीपर. बाई आली की घर येतं, आणि घर आलं की चार तिकिटं आणि कँटीन. नुसत्या पोरांच्या गर्दीवर टॉकीज चालवलं तर मोठ्या हिरोच्या पहिल्या तीन दिवसांपलीकडे धंदा जात नाही.

तिकिटाचा दर. 23 सप्टेंबर 2022 ला देशभर राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून 75 रुपयांत तिकिटं दिली तेव्हा एका दिवसात साधारण 65 लाख लोक आले. लोकांचं थिएटरशी भांडण नाही, दराशी आहे. शहरातल्या मल्टिप्लेक्सला भाडं आणि देखभालीमुळे दर खाली आणता येत नाहीत. तुमची जागा स्वतःची आहे, तुम्हाला येतात. शिवाय करही तुमच्या बाजूने आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी 5 टक्के, त्यावर 18 टक्के. म्हणजे 100 चं तिकीट प्रेक्षकाला 105 ला पडतं आणि 110 चं जवळपास 130 ला. तुम्हाला दहा रुपये जास्त मिळवायला प्रेक्षकाकडून पंचवीस घ्यावे लागतात. शंभराच्या वर जाऊच नका. सोमवार ते गुरुवार दुपारचं साठ-सत्तर ठेवा. मोठ्या सिनेमाला वितरक दर वाढवायला सांगेल, तेव्हा वरचा हॉल थोडा महाग करा पण खालचा शंभरातच राहू द्या.

कँटीन ठेक्याने देऊ नका. मल्टिप्लेक्स कंपन्यांच्या उत्पन्नात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास एक तृतीयांश असतो, आणि तो वाटा तुम्ही दरमहा ठरावीक भाड्याच्या मोहाने दुसऱ्याला देऊन टाकता. ठेकेदार वडा कालच्या तेलात तळतो, शिव्या टॉकीजला बसतात. चहा, वडा, भजी, शेंगदाणे, पॉपकॉर्न, मुलांसाठी आइस्क्रीम. दर बाजारापेक्षा थोडे वर, दुप्पट नाहीत. बाहेरचं खाणं रोखण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये मान्य केलाय, पण पिण्याचं पाणी मोफत द्यावं लागतं. आजीने पिशवीत आणलेल्या चिवड्यावरून वाद घालू नका एवढंच माझं सांगणं.

वितरकाशी आणि डिजिटल कंपनीशी करार करताना दोन गोष्टी नीट बघा. काही डिजिटल कंपन्या यंत्रं बसवून देतात आणि त्या बदल्यात पडद्यावरच्या जाहिरातींचा वेळ घेतात. सगळा वेळ देऊ नका. गावातला सराफ, क्लासवाला, ट्रॅक्टरचा डीलर, दवाखाना, यांच्यासाठी दर शोला काही मिनिटं स्वतःकडे ठेवा, ते पैसे थेट तुमचे. दुसरं म्हणजे भाडं. मराठी निर्मात्याकडून आठवड्याचं ठरावीक भाडं घेऊन हॉल द्यायची जुनी पद्धत अजून कित्येक ठिकाणी आहे. मालकाला ती सुरक्षित वाटते. मला ती घातक वाटते. भाडं आधी मिळालं की तिकीट विकायची तळमळ संपते, पोस्टर लागत नाही, शो दहा मिनिटं उशिरा सुरू होतो, आणि छोटा निर्माता एकदा पोळला की पुन्हा त्या गावाकडे बघत नाही. टक्केवारीवर काम करा. तिकिटाच्या पैशांच्या वाटणीवरून 2009 मध्ये झालेल्या वादानंतर मल्टिप्लेक्सांनी निर्माता-वितरकांना पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे 30 असं वाटप ठरवलं होतं. बोलणी करताना तो पाया धरून चाला. दुसऱ्या आठवड्यापासून तुमचा वाटा वाढतो, म्हणून सिनेमा टिकवण्यात तुमचाही फायदा.

आणि बोलणी करताना आता आपली बाजू पूर्वीपेक्षा बरी आहे. काही वर्षं ओटीटीवाले मराठी सिनेमा सरसकट विकत घ्यायचे तेव्हा निर्मात्याला तालुक्याची पर्वा नव्हती. आता ते थिएटरातली कामगिरी बघून मग भाव ठरवतात. निर्मात्याला पुन्हा तिकिटं हवीत, गावोगावची हवीत. राष्ट्रीय मल्टिप्लेक्स साखळ्यांनी हिंदीसाठी थिएटर आणि ओटीटी यांच्यात आठ आठवड्यांचं अंतर लावून धरलंय, त्याचा फायदा तुम्हालाही होतो. जुना सिनेमाही पुन्हा चालू शकतो असं 2024 मध्ये दिसलं. 'तुंबाड' सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला तेव्हा 2018 च्या मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त कमावून गेला. मॅटिनी कायमची गेली असं मीच वर लिहिलं, पण दुसरा छोटा हॉल असेल तर महिन्यातून एखादा रविवार जुन्या सिनेमाला द्यायला हरकत नाही.

शोच्या वेळा गावाच्या घड्याळाने लावा. बारा, तीन, सहा, नऊ हे पाठ झालेलं वेळापत्रक सोडा. आठवडे बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं येतात, त्यांना शेवटच्या एसटीआधी सुटणारा दुपारचा शो हवा. उसाची बिलं निघाली की दोन आठवडे हात सैल असतो. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि आयपीएलच्या संध्याकाळी मंदी असते, तेव्हा शो कमी करा, वीज वाचवा, दुरुस्ती काढा. शाळांचे सकाळचे शो शिक्षकांना भेटून ठरवा. गावच्या यात्रेला पूर्वी तंबूतली टूरिंग टॉकीज यायची. त्या चार-पाच दिवसांत रात्री उशिरापर्यंत सिनेमा बघायची सवय आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या आहे, तिचा उपयोग करा.

परवान्याचं बघा. आतली रचना बदलली की जुना परवाना तसाच चालत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात नवे नकाशे, वीज तपासणी, अग्निशमनाचा दाखला हे सगळं लागतं. यात कुठे ओळखीने वाट काढून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये 13 जून 1997 ला आग लागली आणि 59 माणसं गेली. धूर वर भरला, माणसं बाल्कनीत अडकली, आणि बाहेर पडायच्या वाटांपैकी एक जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती. तुम्ही बाल्कनीचाच हॉल करणार आहात. वरच्या मजल्याला दोन स्वतंत्र जिने, बाहेर उघडणारी दारं आणि शो चालू असताना एकाही दाराला कुलूप नाही. दहा खुर्च्या कमी झाल्या तर होऊ द्या.

कोणत्या परिस्थितीत मी तुम्हाला हे करू नका म्हणेन? तुमच्या गावापासून अर्ध्या तासाच्या आत चांगलं मल्टिप्लेक्स असेल तर. दुचाकी लावायला जागाच नसेल तर. आणि घरातलं कुणीच रोज संध्याकाळी तिथे बसणार नसेल तर नक्कीच. टॉकीज पुण्यात बसून मॅनेजरवर सोडून चालत नाही. संडास धुतला की नाही, शो वेळेवर सुरू झाला की नाही, बारीवर कुणाशी हुज्जत झाली का, हे मालकाला दिसलं तरच सुधारतं. थोरल्या भावाला हौस आहे, पण शनिवार-रविवार, सणवार, पाडवा, दिवाळी सगळं टॉकीजमध्ये जाईल, हे घरच्यांसमोर स्पष्ट बोलून घ्या.

बिल्डरला सरळ नकार देण्याची गरज नाही. जागा विकण्याऐवजी त्याच्याशी भागीदारीत बांधकामाचं बोला. पुढे रस्त्यालगत गाळे त्याचे, मागे किंवा वर दोन हॉल तुमचे, आणि तुमच्या हॉलचं बांधकाम त्याने करून द्यायचं. अनेक ठिकाणच्या विकास नियमावलीत थिएटर पाडून नवी इमारत उभी करताना तिथे काही आसनांचं चित्रपटगृह ठेवण्याची अट असते. तुमच्या नगरपालिकेत आज काय लागू आहे ते वास्तुविशारदाकडून लेखी घ्या. ती अट असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम होते, आणि बिल्डर सांगतोय तो भाव तसाही खरा नसतो.

कामाला लागायचं तर आधी हे जमवा. बंद होण्याआधीच्या तीन-चार वर्षांच्या डीसीआर वह्या, त्यात प्रत्येक सिनेमाला दिवसवार किती माणसं आली ते. त्याच काळातली वीजबिलं आणि घरपट्टी. मूळ बांधकामाचे मंजूर नकाशे. आणि इंजिनिअरचा ऑडिट रिपोर्ट. हे हातात आलं की दोघे भाऊ एकत्र बसून वर दिलेल्या पद्धतीने दोनशे आणि एकशे तीस खुर्च्यांचा हिशेब मांडा, भरणा वीस टक्केच धरा, जास्त नको. वीस टक्क्यांवर वीज, पगार आणि कर्जाचा हप्ता निघत असेल तर कामाला लागा. बिल्डरला मात्र हा हिशेब पूर्ण झाल्यावरच भेटायला बोलवा.